झाडाची शिल्लक

2023 चा ऑगस्ट कोरडा गेला. 1901 पासूनच्या देशाच्या पाऊसनोंदींत इतका कोरडा ऑगस्ट तोवर झाला नव्हता. ऑक्टोबर संपता संपता राज्य सरकारने 40 तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला आणि आपल्या विंचूरच्या शेजारचा येवला तालुका त्या यादीत होता. पुढच्या वर्षी पाऊस आला, विहिरी भरल्या, दुष्काळाचं बोलणं मागे पडलं. माणसांपुरतं ते ठीकच होतं. पण बांधावरचा कडुलिंब, गायरानातला हिवर, सातमाळा डोंगराच्या उतारावरचा पळस, यांच्यापुरता तो दुष्काळ त्या पावसाबरोबर संपला का? आजच्या चिंतनासाठी मी हा प्रश्न निवडला आहे, कारण त्याच्या उत्तरावर आपण कुऱ्हाड कधी उचलायची हे ठरायला हवं.

झाडाचा दुष्काळ म्हणजे तहान, एवढंच आपण धरतो. तहान तर खरीच. पण तिच्या मागोमाग भूकही येते आणि ती बाहेरून दिसत नाही. पानावर सूक्ष्म छिद्रं असतात, त्यांना पर्णरंध्रं म्हणतात. त्यांतून हवेतला कार्बन डायऑक्साइड आत येतो आणि त्यांतूनच पाणी वाफ होऊन निघून जातं. कार्बन डायऑक्साइडचा एक रेणू मिळवायला झाड पाण्याचे शेकडो रेणू घालवतं. जमिनीत ओल आहे तोवर हे परवडतं. ओल सरली की झाड ती रंध्रं मिटून घेतं. पाणी वाचतं, पण त्याबरोबर अन्न तयार होणंही थांबतं. खर्च मात्र चालूच असतो. मुळांतली, सालीतली, कळीतली प्रत्येक जिवंत पेशी रात्रंदिवस श्वास घेते आणि त्यासाठी साखर जाळते. चांगल्या वर्षीसुद्धा झाडाने कमावलेल्या कार्बनपैकी जवळजवळ निम्मा अशा श्वसनातून परत हवेत जातो. कमाई बंद पडलेल्या महिन्यांत हा खर्च भागतो तो साठ्यातून. सालीच्या आत जे पांढरं लाकूड असतं, त्यातल्या जिवंत पेशींत आणि मुळांत, झाडाने स्टार्च आणि साखर भरून ठेवलेली असते. गाभ्याचं गडद लाकूड आपल्याला मोलाचं, पण ते मृत असतं. झाडाचं जगणं त्या बाहेरच्या फिकट लाकडावर असतं.

विंचूरच्या माणसाला हे परकं वाटू नये. आपला सगळा बाजारच वनस्पतींच्या साठ्यावर उभा आहे. कांदा म्हणजे त्या रोपाने पुढे फुलोऱ्यावर येण्यासाठी पानांच्या बुडाशी साठवलेलं अन्न. उन्हाळ कांदा चाळीत जातो तो जिवंतच जातो. चाळीत तो श्वास घेतो, वजनात घटतो, उकाडा वाढला की जास्त घटतो. मोड आला की समजायचं, त्याने शिल्लक खर्चायला घेतली. लासलगावला भाभा अणुसंशोधन केंद्राचं ‘कृषक’ हे विकिरण केंद्र 2002 साली उभं राहिलं, ते याच मोडाला आवर घालण्यासाठी. द्राक्षाचंही तसंच. ऑक्टोबरची छाटणी झाली की वेलीवर एकही पान राहत नाही, तरी डोळे फुगतात, फूट निघते, घड दिसू लागतात. ती पहिली फूट एप्रिलच्या खरड छाटणीनंतर काडीत आणि मुळांत साठलेल्या अन्नावर निघते. छाटणीआधी बागायतदार काडी पिकली का ते पाहतो, तेव्हा तो वेलीची शिल्लकच मोजत असतो. डोंगरावरच्या झाडाची काडी अशी कुणी हातात घेऊन पाहत नाही.

आता झाड दुष्काळात काय करतं ते पाहू. आपल्याला वाटेल, आधी अन्न संपत जाईल आणि मग वाढ थांबेल. घडतं उलट. नवी पेशी फुगायला आतून पाण्याचा दाब लागतो. ओल थोडी कमी झाली की तो दाब घटतो आणि वाढ थांबते. पानं मात्र अजून काही काळ साखर बनवत असतात. म्हणून दुष्काळाच्या सुरुवातीला झाडातला साठा बऱ्याचदा कमी न होता वाढतो. पनामाच्या पानगळी जंगलात पाहणी झाली, तेव्हाही कोरड्या हंगामात झाडांमधला साठा वाढलेला आढळला. यावर शास्त्रज्ञांत एक वाद बरीच वर्षं चालू आहे. झाड ही शिल्लक राखून ठेवतं, वाढीच्या तोंडचा घास काढून ठेवतं, की वाढ अडली म्हणून ती आपोआप उरते? दोन्ही बाजूंनी पुरावे आहेत. मला स्वतःला राखून ठेवण्याची बाजू अधिक पटते, कारण ज्या झाडांनी शंभर-दोनशे पावसाळे पाहिले, त्यांत पाच-पंचवीस तरी बुडालेले असणारच. जे राखणारं नव्हतं त्याचं बी आज जंगलात उरलं नसतं.

राखण्याच्या तऱ्हा मात्र वेगवेगळ्या आहेत. साग पानं टाकून देतो आणि पाऊस येईपर्यंत बहुतेक उघडाच राहतो. त्याने कुठल्या वर्षी किती हात आखडला हे त्याच्या लाकडातल्या वलयांत वाचता येतं. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेच्या अभ्यासकांनी 2010 साली केरळातल्या सागांची 523 वर्षांची वलयमालिका प्रसिद्ध केली. एल निनोच्या आणि मान्सून हुकल्याच्या खुणा त्या वलयांत उमटलेल्या आहेत. कांडोळ हे आणखी वेगळं झाड. त्याच्या पांढुरक्या पातळ सालीखाली हिरवा थर असतो. निष्पर्ण असताना खोडातल्या श्वसनातून जो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडणार, त्यातला काही हा हिरवा थर उन्हाच्या मदतीने पुन्हा धरून ठेवतो. तेही पाणी फारसं न घालवता.

आणि पळस, कडुलिंब, करंज, मोह? यांच्याकडे पाहिलं की मन थांबतं. फाल्गुनात पळस फुलतो तेव्हा त्यावर पान नसतं. चैत्रात कडुलिंबाला तांबूस पालवी येते, मोहाची फुलं खाली पडतात आणि मागोमाग पानं येतात. हे सारं घडतं ते वर्षातल्या सगळ्यांत कोरड्या, सगळ्यांत तापलेल्या महिन्यांत. स्टीफन इलियट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारत आणि थायलंडमधल्या मान्सूनी जंगलांचा अभ्यास 2006 साली मांडला. पहिल्या पावसाच्या एक-दोन महिने आधीच कित्येक झाडं पालवतात, आणि त्यांना इशारा मिळतो तो वसंतसंपातानंतर लांबत जाणाऱ्या दिवसाचा, असं त्यांनी दाखवलं. म्हणजे पालवी येते ती पाऊस येणार आहे हे कळल्यामुळे नाही. दिवस मोठा झाला एवढंच झाडाला कळतं. मृगाचा पहिला थेंब पडेल तेव्हा पानं कामाला तयार असावीत म्हणून मागच्या पावसाळ्याची शिल्लक ते चैत्र-वैशाखात बाहेर काढतं. पाऊस वेळेवर आला तर काही आठवड्यांत ती भरून निघते. 2023 सारखा ऑगस्ट आला तर शिल्लक खर्चून बसलेल्या झाडाला नवी कमाईही मिळत नाही. चैत्रपालवीचं आपण कौतुक करतो, ते करावंच. पण त्या कोवळ्या पानांमागे झाडाने केवढी जोखीम घेतलेली असते ते कळलं, तर त्या पानांना हात लावताना आपण दोनदा विचार करू.

झाड उपाशी मरतं का? हा प्रश्न अभ्यासकांनी फार गांभीर्याने घेतला आहे. अमेरिकेच्या नैर्ऋत्येला या शतकाच्या सुरुवातीच्या दुष्काळात पिन्यॉन पाइनची झाडं प्रचंड संख्येने वाळली, शेजारची ज्युनिपर मात्र बरीचशी टिकली. त्यानंतर नेट मॅकडॉवेल आणि सहकाऱ्यांनी 2008 मध्ये दोन वाटा मांडल्या. जे झाड रंध्रं लवकर मिटतं ते पाणी वाचवतं आणि भुकेच्या वाटेने जातं. जे उघडी ठेवतं ते कमावत राहतं, पण त्याच्या जलवाहिन्यांत हवेचे बुडबुडे शिरून पाणी वर चढणं तुटू शकतं. 2017 साली जगभरच्या अशा अभ्यासांचा एकत्र ताळा घेतला गेला. दुष्काळाने मेलेल्या झाडांत जलवाहिन्या निकामी होणं सगळीकडे दिसलं, साठा घटणं पुष्कळ ठिकाणी दिसलं पण सर्वत्र नाही. म्हणजे काही झाडं पोटात अन्न असताना मरतात.

हे वाचून मी फार वेळ विचार करत राहिलो. अन्न आहे आणि तरी उपयोग नाही, असं का व्हावं? कारण साखर झाडात एका जागेवरून दुसऱ्या जागी जाते ती पाण्यात विरघळूनच. पाणी नसेल तर मुळाशी साठलेली साखर शेंड्याला मिळत नाही. शिवाय तिच्यातला काही भाग खर्चण्यासाठी नसतोच. पेशीत साखर जास्त असली की ती पाणी धरून ठेवते, म्हणून दुष्काळात झाड स्टार्च फोडून साखर करतं आणि ती तशीच पेशीत ठेवतं. ती जाळली तर पोट भरेल, पण उरलेलं पाणी निसटेल. पाणी आणि कार्बन असे एकमेकांत गुंतलेले आहेत. तरीही साठ्याचं मोल कमी होत नाही. बोर्निओतल्या सबाहमध्ये मायकेल ओब्रायन आणि सहकाऱ्यांनी रोपांवर प्रयोग केला. काही रोपांना उजेड कमी-जास्त देऊन त्यांचा साठा कमी-जास्त केला आणि मग सगळ्यांचं पाणी तोडलं. ज्यांच्यात साठा जास्त होता ती रोपं जास्त काळ तगली. 2014 साली हे प्रसिद्ध झालं.

उष्णता हा यातला आपल्या काळाचा भाग. तापमान दहा अंशांनी वाढलं तर श्वसन साधारण दुप्पट होतं. ॲरिझोनातल्या ‘बायोस्फिअर 2’ या काचेच्या वास्तूत पिन्यॉन पाइनची झाडं सुमारे चार अंश जास्त उष्णतेत ठेवून पाणी तोडलं, तेव्हा ती 28 टक्के लवकर मेली. पाऊस तेवढाच कमी झाला, पण ऊन वाढलं, तर तोच दुष्काळ झाडाला आधीपेक्षा जड जातो. आजोबांच्या काळातला कडुलिंब 1972 च्या दुष्काळातून निभावला म्हणून आजचा त्याच दुष्काळातून निभावेल असं गृहीत धरू नये.

मला सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट मात्र ॲमेझॉनमधून आली. 2010 च्या दुष्काळात तिथल्या झाडांची कमाई घटली, पण वाढ जवळजवळ तशीच राहिली. ख्रिस्तोफर डाउटी आणि सहकाऱ्यांनी 13 ठिकाणांच्या मोजमापांवरून 2015 मध्ये हे मांडलं. मग काटकसर कुठे झाली? त्यांचा निष्कर्ष असा की ती देखभालीत आणि संरक्षणात झाली. घनदाट जंगलात उजेडासाठी शेजाऱ्याशी चढाओढ असते, म्हणून झाड उंची सोडत नाही, पण किडीशी आणि रोगाशी लढण्याची तयारी कमी करतं. दुष्काळ गेल्यावर पुढच्या काळात तिथे झाडं मरण्याचं प्रमाण वाढलं. मघाशी सांगितलं, वाढ आधी थांबते. इथे वाढ चालू राहिली. सगळ्या झाडांना एकच नियम लावू नये हे यातून कळतं. दोन्ही ठिकाणी एक गोष्ट मात्र समान आहे. दुष्काळाची किंमत त्याच वर्षी दिसत नाही.

संरक्षण म्हणजे काय हे समजायला लांब जायला नको. धावड्याचा डिंक आपण थंडीत लाडवांत घालतो. जखम झाली की ती भरायला झाड हा डिंक सोडतं. सालईचा डिंक, कांडोळाचा डिंक, खैराचा कात, बाभळीच्या सालीतला तुरटपणा, हे सगळं झाडाने कार्बन मोजून केलेलं आहे. भुंग्याने साल पोखरली, वाळवी चढली, गाय घासून गेली, तर हीच त्याची ताकद. दुष्काळाने ती कमी केली की पुढच्या वर्षी पाऊस चांगला असूनही एखादं झाड खोडकिड्याने वाळतं. आपण म्हणतो, कीड लागली. कीड लागली हे खरंच, पण त्या झाडाचा डिंक आधी आटला असेल तर ते कीड लागायच्या आधीच हरलेलं होतं.

साठा किती जुना असतो हेही मोजलं गेलं आहे. 1950-60 च्या दशकांतल्या अणुचाचण्यांमुळे हवेतला किरणोत्सारी कार्बन एकदम वाढला आणि मग हळूहळू उतरत गेला. त्यामुळे झाडातली साखर कुठल्या काळात तयार झाली ते ओळखता येतं. अमेरिकेच्या ईशान्येकडच्या मेपलच्या खोडातली साखर सरासरी दहा वर्षांच्या आसपास जुनी निघाली. कॅलिफोर्नियात 2020 च्या वणव्यात रेडवुडची पानं पार जळून गेली, आणि नंतर खोडावर जे कोंब आले त्यांत पन्नास वर्षांहून जुना कार्बन सापडला. एका माणसाच्या उमेदीएवढी वर्षं ती साखर लाकडात पडून होती, आणि गरज पडली तेव्हा कामाला आली. आपल्याकडे वणव्यानंतर जळक्या पळसाच्या खुंटाला फुटवे येतात तेही अशाच जुन्या शिल्लकीवर. त्या फुटव्यांना पाहून ‘पळस काही मरत नाही’ असं आपण सहज बोलून जातो. दरवर्षी जाळलं, दरवर्षी तोडलं, तर त्यालाही मर्यादा आहे.

विल्यम अँडरेग आणि सहकाऱ्यांनी जगभरच्या 1,338 ठिकाणची वलयं तपासून 2015 साली दाखवलं की तीव्र दुष्काळानंतर झाडांची वाढ पूर्ववत व्हायला एक ते चार वर्षं लागतात, आणि कोरड्या प्रदेशांत हा परिणाम ठळक असतो. त्यांतल्या बहुतेक नोंदी उत्तरेकडच्या थंड जंगलांच्या आहेत, हे लक्षात ठेवलं पाहिजे. पण नांदगाव-येवल्याकडची माळरानं कोरड्या प्रदेशातच मोडतात. इगतपुरीला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि त्याच जिल्ह्याच्या या पूर्व टोकाला जेमतेम पाचशे-सहाशे. एक ते चार वर्षं हा हिशेब इथे लावला, तर 2023 च्या दुष्काळाचं देणं झाडं 2027 पर्यंत फेडत असू शकतात.

नेमक्या याच वर्षांत आपण त्यांच्याकडे जास्त मागतो. दुष्काळात शेळ्या-गुरांना चारा नसतो, म्हणून अंजन, हिवर, कडुलिंब, सुबाभूळ यांचा पाला ओरबाडला जातो. ज्याच्या दावणीला जनावर उपाशी आहे त्याला दोष देणं मला जमणार नाही. दोष आहे तो पाऊस पडताच चाऱ्याची मदत थांबवण्यात. एक हंगाम चारा डेपो जास्त चालले तर डोंगरावरच्या झाडाला एक हंगाम पानं राहतील, आणि ती पानंच त्याचा साठा भरून काढतील. हा खर्च वनसंवर्धनाचा म्हणून धरायला हवा. रोपं लावण्याच्या कार्यक्रमांना आपण जितके पैसे देतो, त्यातला थोडा भाग उभ्या झाडांची शिल्लक राखण्यावर गेला तर जास्त जंगल वाचेल, असं माझं स्पष्ट मत आहे.

दुसरी गोष्ट आपल्या हातातली आहे. नवी पानं नुकती पूर्ण उमलतात तेव्हा झाडाचा साठा सगळ्यांत कमी असतो, कारण तो नुकताच त्या पानांत घातलेला असतो. आणि वीजतारांखालच्या फांद्यांची, रस्त्याकडेच्या झाडांची, बांधावरच्या सावलीची छाटणी आपण नेमकी वैशाख-ज्येष्ठात, पावसाळ्यापूर्वीची कामं म्हणून करतो. वर्षभरातली याहून वाईट वेळ शोधून सापडणार नाही. तीच छाटणी मार्गशीर्ष-पौषात केली, पावसाळाभराची कमाई लाकडात उतरल्यावर केली, तर झाडाला ती सोसते. तेव्हा विंचूरच्या, लासलगावच्या, येवल्याच्या माझ्या बांधवांना एवढीच विनंती. धोक्याची फांदी असेल तर ती जेव्हाची तेव्हा काढा. बाकी तोडायचीच असेल तर पौषात तोडा, चैत्रपालवीला हात लावू नका, आणि दुष्काळानंतरची तीन-चार वर्षं पाला काढावाच लागला तर निदान निम्मा झाडावर राहू द्या.